मशीनची ओटी

आमच्या घरातून परदेशी गेलेलं पहिलं कुणी असेल, तर ते पाइप वाकवायचं एक मशीन. माणसांपैकी अजून कुणी गेलेलं नाही. आमच्या ह्यांचा पासपोर्ट आहे, पण तो कपाटात माझ्या लग्नातल्या शालूखाली पडून असतो. दोन्ही वस्तू हौसेनं घेतल्या आणि दोन्हींची घडी काही मोडली नाही.

चाकणजवळ आमची जमीन होती. बरीचशी कंपन्यांसाठी गेली. उरलेल्या तुकड्यात एका कडेला घर, दुसऱ्या कडेला ह्यांचं शेड, आणि मधल्या पट्टीत आत्या अजून गहू करतात. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. मी तळेगावची. लग्न होऊन आले तेव्हा त्यांना आई म्हणायला गेले, तर म्हणाल्या, "आई तुझी तुला हाय. मला आत्या म्हन." मला राग पटकन येतो, त्यांना येतच नाही, म्हणून आमचं इतकी वर्षं निभलं.

शेडमध्ये हे आणि दोन-तीन कारागीर. वर्षानुवर्षं मोठ्या कंपन्यांचे सुटे भाग करून दिले, त्यावर नाव त्यांचं. मग ह्यांनी स्वतःच्या डोक्यानं हे मशीन बनवलं, त्याचा व्हिडिओ मी मोबाईलवर काढून इंटरनेटवर टाकला, आणि समुद्रापलीकडच्या एका कारखानदारानं तो पाहिला. त्याच्या मेलवर मेल. पुढून फोटो पाठवा, बाजूनं पाठवा, चालताना दाखवा. घरात इंग्रजी माझं बरं, त्यामुळं पत्रव्यवहार माझ्याकडं. मी एकदा जेवताना म्हटलं, "आत्या, तुमची पोरगी बघून गेले हो. पसंत आहे म्हणतात." सगळे हसले. आत्या हसल्या नाहीत. त्या ताटातली भाकरी तशीच धरून म्हणाल्या, "कवा न्यायची म्हनत्यात?"

चेष्टा माझी होती. त्यांनी ती मनावर घेतली, हे मला फार उशिरा कळलं.

ऑर्डर पक्की झाल्यावर त्या देशाचे नियम आले. ते वाचताना माझं डोकं फिरलं. माती चालणार नाही. पेंढा चालणार नाही. पान, फूल, बी, झाडाची साल, काही म्हणजे काही नाही. मशीनच्या पायाला चिखलाचा ठिपका दिसला तरी अडवणार. मी म्हटलं, बाई बाई, काय हे सोवळं! आपल्याकडं निदान आंघोळ करून तरी शिवून घेतात. आणि सगळ्यात कडक नियम पेटीच्या लाकडाचा. लाकूड भट्टीत भाजून त्यातली कीड मारलेली पाहिजे, आणि तसा सरकारमान्य शिक्का पेटीवर पाहिजे.

पेटी करायला आमच्या भाईंशिवाय दुसरं कोण? गावातलं जुनं मुसलमान घर. त्यांच्या वडिलांची लाकडाची वखार होती. भाई आणि हे एका बाकावर बसून शिकले, नव्हे, एका बाकावर बसून नापास झाले, असं आत्या सांगतात. भाई आत्यांना मावशी म्हणतात, मला वहिनी. कंपन्या आल्यावर त्यांनी वखारीत भट्टी घातली, सरकारकडून शिक्का मिळवला आणि बाहेरदेशी जाणाऱ्या मालाच्या पेट्या करू लागले. वखारीतल्या सगळ्या माणसांची घरं त्या शिक्क्यावर चालायची. तो नसेल तर पेटी बंदरातून हलत नाही.

पेटीची फळकुटं घेऊन ते आले तेव्हा आत्यांनी त्या शिक्क्यावर बोट फिरवून विचारलं, "लाकडाला बी परवानगी लागती व्हय रं?"

"लागती की मावशी. लाकडात किडा लपून जातो, तिकडची झाडं खातो. त्येंचं बी खरं हाय."

"आन् लोखंडाला?"

"लोखंडाला कोन खानार? त्येला नुसतं धुऊन-पुसून धाडायचं."

ट्रेलर यायचा त्या दिवशी सकाळी पूजा केली. मशीनला झेंडूचा हार घातला, हळदीकुंकू लावलं, नारळ शेडच्या उंबऱ्यावर फोडला. मग मीच फडकं घेऊन मशीन लख्ख पुसलं, हार उतरवला, पाकळी न् पाकळी झाडून घेतली. सगळ्यांना बजावलं, एक अक्षत जरी आत गेली तर बघा. भाईंनी मशीन पेटीत बसवून बोल्ट आवळले. फक्त झाकण ठोकायचं राहिलं. हे ट्रेलरवाल्याला वाट दाखवायला हमरस्त्यापर्यंत गेले, कारागीर क्रेनच्या मागे लागले आणि मी चहा टाकायला घरात आले. शेडमध्ये तेवढा वेळ आत्या आणि भाई दोघंच होते.

चहा घेऊन गेले तेव्हा झाकण ठोकून झालं होतं. आत्या पदरानं डोळे पुसत होत्या. मी चिडवलं, "आत्या, लोखंडासाठी रडताय?" त्यांनी खाली बघतच कप घेतला. भाईंनीही खाली मान घालून चहा घेतला.

मशीन जहाजात चढल्याचं कळलं तेव्हा मी शिरा केला. मशीन तिकडं पोचल्याचं कळलं तेव्हा मात्र रव्याचा डबा उघडलाच नाही. बंदरात पेटी उघडली होती आणि तळाच्या फळ्यांच्या फटीत जिवंत कीड सापडली होती. पेटी जाळणार, मशीनला औषधाची धुरी देणार, आणि जबाबदार कोण ते इकडच्या सरकारला कळवणार.

कळवलंच. पण पत्र आमच्याकडं आलं नाही. ते गेलं वखारीत. पेटीवर शिक्का भाईंचा, म्हणून कीड भाईंची. चौकशी होईपर्यंत शिक्का वापरायचा नाही, असा हुकूम आला. शिक्का गेला तशा कंपन्याही गेल्या. ज्या कंपन्यांचे मॅनेजर ईदला शीरखुर्म्याचे डबे भरून नेत होते, त्यांचे फोन लागेनात. गव्हाबरोबर किडे रगडले जातात म्हणतात. इथं एका किड्याबरोबर अख्खी वखार रगडली गेली.

गावातली तोंडं तर विचारूच नका. पिठाच्या गिरणीत दळण टाकायला गेले, तर एकजण मला ऐकू जाईल असं बोलला, "ती लोकं अशीच. कसलंबी लाकूड खपवलं असंल." मी वळून म्हटलं, "तुमच्या घराच्या खिडक्या कुणाच्या वखारीतल्या? काढून टाका मग." तो गप्प बसला. पण मी गिरणीतून निघाल्यावर पुन्हा बोललाच असणार. आणि घरात काय वेगळं होतं? हे म्हणायचे, "लाकूड नीट भाजलं नसेल गं. माणूस आहे, चुकतो." चुकतो म्हणायचं, पण वखारीवरचा रस्ता सोडून लांबच्या रस्त्यानं यायला लागले. ते बघून मला त्यांचा संताप यायचा.

मग एका दुपारी त्या कारखानदाराचा मेल आला. पेटी मोडताना काढलेले फोटो होते. मशीनच्या पोटाखाली एक कापड सापडलं, ते सुटलेलं होतं, हे काय आहे आणि कुणी ठेवलं, असं त्यानं विचारलं होतं. फोटो मी बोटांनी मोठा केला. हिरवं कापड, लाल काठाचं. माझ्याच कपाटातला खण, मागच्या लग्नसराईत मिळालेला. त्यावर हळकुंड, सुपारी आणि पसरलेले गहू. आणि गव्हात काळपट, बारक्या सोंडेचे किडे. टोके. लाकडातले नव्हेत, धान्यातले. पावसाळ्यात गव्हाच्या डब्यात होतात तेच. आयुष्य त्यांच्यापायी गहू उन्हात घालण्यात गेलंय, मी ओळखणार नाही तर कोण?

आत्या अंगणात धान्य निवडत बसल्या होत्या. मी मोबाईल त्यांच्यापुढं धरला. त्यांनी तो लांब धरून पाहिला.

"ही कसली गुंडाळी, आत्या?"

"माझी ओटी हाय ती," त्या म्हणाल्या. घाबरल्या नाहीत, लाजल्या नाहीत. "कुनी सोडली गं? म्या गाठ मारली हुती."

"आत्या, त्या गव्हाला टोके झालेत. त्याच किड्यापायी माल अडला. भाईंचा शिक्का त्याच्यापायी गेला."

त्यांनी पुन्हा फोटो पाहिला. मग हळूच म्हणाल्या, "घरचा गहू हाय, औषध लावल्याला न्हाई. लेकीच्या ओटीत औषधाचं दानं घालत्यात का?"

मला ओरडायचं होतं. इतकं बजावून सांगितलं होतं, नियम वाचून दाखवले होते. पण त्या पुढं बोलल्याच. "नारळ न्हाई ठिवला म्या. तुझं ध्यान गेलं आसतं. मला लेक झाली न्हाई. जगाच्या लेकींच्या ओट्या भरल्या, माझ्या उंबऱ्यातनं एक बी गेली न्हाई. तूच म्हनलीस, पोरगी बघून गेले. इतक्या लांब चालली, रिकाम्या ओटीनं कशी धाडू?"

नियमाच्या कागदात फूल होतं, पान होतं, बी होतं. ओटी नव्हती. त्यांच्या मनात ती ह्यातल्या कशातच बसत नव्हती, आणि खरं सांगायचं तर माझ्याही मनात बसत नाही.

संध्याकाळी ह्यांना फोटो दाखवला. ते शेडच्या पायरीवर बसले. मग म्हणाले, "त्याला लिही, पेटीवाल्याकडून काहीतरी राहिलं असेल, चौकशी करतो."

"म्हणजे कापड भाईंचं?"

"तसं कुठं म्हणतोय मी? राहिलं असेल, एवढंच."

"तो खण माझा आहे. गहू तुमच्या आईचा, आणि ओटी ठेवल्याचं त्यांनीच सांगितलंय मला."

"ऐक जरा. पेटीत मशीनशिवाय काही नाही, अशी सही मी केलीय. खोटा ठरलो तर पुन्हा एक नटसुद्धा जायचा नाही बाहेर. आपण गेलोच. त्याचं तसं नाही, वखार घरची आहे, इथलं काम आहे. तो सावरेल."

"चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर तुम्ही वळणार," मी म्हटलं. "एका बाकावर बसला होतात ना? लाज वाटू द्या."

आवाज चढला होता, त्यामुळं आत्या घरातून शेडकडं आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं.  पायात चपला सरकवल्या आणि मला म्हणाल्या, "चल माझ्यासंगं."

वखारीत गेलो तर भट्टीचं दार उघडं होतं आणि आत कुणीतरी सायकल लावून ठेवली होती. एरवी तिथं उभं राहवत नसे इतकी धग असायची. भाई एकटेच एक खाट दुरुस्त करत होते. आम्हाला बघून खुर्च्या आणायला उठले. आत्या बसल्या नाहीत.

"माझ्या दान्यातनं किडा गेला रं बाबा," त्या म्हणाल्या. "तुझ्या लाकडातनं न्हाई. म्या ओटी भरली हुती पेटीत."

भाईंनी हातातला रंधा खाली ठेवला. "मला म्हाईत हाय, मावशी."

"तुम्हाला कसं?" मी विचारलं.

"म्या हुतो की तिथं. तुमी कनवटीची गुंडाळी काढली, तवाच कळलं. हातोडा ठिवला आन् पाठ फिरवून हुबा ऱ्हायलो. बायामानसांची ओटी भरायची येळ, गड्यानं बघू न्हाई. तुमचं झाल्यावर झाकन ठोकलं."

"मग तवाच का न्हाई म्हनलास, नको ठिवू म्हनून?"

"मी म्हनू?" भाई हसले, पण ते हसणं बघवेना. "मावशी, तुमच्या हातात हळदकुकू, डोळ्यात पानी. आन् मी म्हनू, ह्ये भायेर काढा? तुमी ऐकलं आसतं, मला ठावं हाय. पर भायेर क्रेनवाला, ट्रेलरवाला, चार मानसं. कुनीतरी म्हनलं आसतं, ह्येनं पूजेचं सामान फेकाय लावलं. आजकाल मोबाईलवर काय फिरंल सांगता येत न्हाई. पोराबाळांचा धनी हाय मी. म्हनलं, मूठभर दानं, कोन बघतंय."

"आणि चौकशीला साहेब आले तेव्हा?" मी विचारलं.

"त्येच की वहिनी. तवा सांगितलं आसतं तर झाकन ठोकनारा मीच, म्हंजे गुन्हा बी माझाच. वर आनि गावात झालं आसतं, ह्येनं मावशीच्या ओटीवर आळ घातला." त्यांनी रंधा पुन्हा उचलला. "आन् मला वाटलं, घरात बोलनं झालं आसंल. माझा दोस्त सांगंल. वाट बघितली म्या."

 आत्यांनी पदर तोंडाला लावला. परत येताना आत्या झपाझप पुढं चालत होत्या. मला सारखं एकच वाटत होतं, त्या परदेशी बंदरात निदान लिहिलेलं तरी असतं, काय चालतं आणि काय नाही. इथं भाईंना काय चालतं आणि काय नाही, ते कुठंच लिहिलेलं नाही, आणि ते त्यांना तोंडपाठ आहे.

घरी आल्यावर आत्या ह्यांना एवढंच म्हणाल्या, "तू बोलनार नसशील तर उद्या मी जाते साहेबाकडं. एसटीचा पास हाय माझ्याकडं." सकाळी ह्यांनी गाडी काढली.

कार्यालयातला साहेब परप्रांतातला होता, वागायला बरा. फोटो पाहून त्यानं विचारलं, "ओटी मतलब?" आत्यांनी सगळं सांगितलं. लेक सासरी निघते, तिच्या पदरात काय काय घालतात, का घालतात. स्वतःचा पदर पसरून दाखवला. मी जमेल तसं हिंदीत सांगत होते आणि ते सांगता सांगता मलाच भरून येत होतं. साहेबानं शांतपणे ऐकलं आणि जबाबात ओटीसाठी एकच शब्द लिहिला. बियाणं.

"कागदावर न दाखवता पाठवलेलं बियाणं," त्यानं वाचून दाखवलं. "किसने रखा?"

मी आत्यांकडं पाहिलं. त्या बोलायच्या आत हे म्हणाले, "लिहा, आम्ही. पेटी त्यांची, दाणे आमचे." आणि सही केली. त्या सहीसाठी मी ह्यांना बरंच काही माफ केलं. सगळं नाही.

सरकार अडवायला घाई करतं, सोडायला नाही. शिक्का परत मिळायला सगळा पावसाळा आणि हिवाळा गेला. तोवर वखारीतली माणसं पुनावळ्याला टॉवरच्या बांधकामांवर फळ्या ठोकायला गेली होती. काही परत आली, काही तिकडंच राहिली. कंपन्यांनी दुसरे पेटीवाले धरले होते. कुणी भाईंची माफी मागितली नाही, कारण कुणी आरोप केला होता असंही कुणाला आठवत नव्हतं. आमचं नाव त्या देशाच्या वहीत लागलं, ते लागलंच. आमची प्रत्येक पेटी आता उघडून बघणार. पण मशीन बिचारं चांगलं चाललं, आणि होय-नाही करता करता त्या कारखानदारानं दुसरं मागवलं.

पेटी कुणाची, हा प्रश्नच नव्हता. भाई आले. तोच ट्रेलर, तीच क्रेन. पूजा आम्ही घरात देवापुढंच उरकली, मशीनला बोट लावलं नाही. आत्या नुसत्या नेसत्या लुगड्यानिशी शेडच्या दाराशी उभ्या होत्या. खण नाही, दाणा नाही. मी चहाचं विचारलं तर भाई म्हणाले, "मागनं, वहिनी. आधी एक करा. मोबाईल काढा आन् रेकॉर्डिंग लावा. पेटी सगळ्या बाजूनं घ्या, आतनं घ्या, आन् झाकन ठोकून हुईस्तोवर बंद करू नका."

"भाई, आपल्याआपल्यात कशाला?"

"आसू द्या," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी रेकॉर्डिंग लावलं. पेटीचे चारही कोपरे घेतले, मशीनचं पोट घेतलं. भाईंनी झाकण बसवलं, खिळा धरला, हातोडा उचलला आणि थांबले. ते आत्यांकडं बघत होते. तोंडाकडं नाही, हातांकडं. मागच्या वेळी ह्याच जागी त्यांनी पाठ फिरवली होती.

आत्यांच्या ते लक्षात आलं. त्या दोन पावलं पुढं आल्या. कुणी काही विचारलं नव्हतं, तरी त्यांनी दोन्ही तळहात उघडून भाईंपुढं धरले, उलटे केले, पुन्हा सुलटे केले. मग पदराचं टोकही झटकून दाखवलं.

"ठोक बाबा," त्या म्हणाल्या.

भाईंनी मान खाली घातली आणि पहिला खिळा ठोकला. मोबाईल माझ्या हातात होता, रेकॉर्डिंग चालू होतं.